मधुवंतीची मौनपालन समिती

कळंब्याच्या गुरुप्रसाद यांच्या कन्या कु. मधुवंती यांनी वयाची साडेतीन वर्षं उलटली तरी एक शब्द उच्चारला नव्हता. घरात बोलणाऱ्यांची टंचाई होती म्हणावं, तर तसंही नाही. तिथं माणसं झोपेतसुद्धा बोलत. पोरीच्या तोंडून एकदा 'आई' ऐकायचं, एवढ्यासाठी तिच्या आईचा, अस्मिताचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

शेवटी सगळं घर वाचा-उपचार केंद्रात गेलं. तमन्ना मॅडम बाहुली घेऊन पोरीसमोर सतरंजीवर बसल्या.

"नाव काय गं तुझं?"

"मधुवंती," गुरुप्रसाद म्हणाले.

"बाहुली आवडली?"

"भावली नगं तिला, तहान लागलीया," अस्मिताच्या सासूबाई, अक्का म्हणाल्या. दीर कृष्णातनं लगेच पोरीच्या तोंडात बाटली दिली.

मॅडमनी बाहुली खाली ठेवली. "कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे. तिला बोलायला जागा द्या. विचारा आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसा. एवढंच औषध."

गुरुप्रसाद सरकारी कचेरीत अधीक्षक. त्यांनी त्याच संध्याकाळी मौनपालन समिती गठित केली. अध्यक्ष स्वतः, सल्लागार अक्का, भरारी पथक कृष्णात. उद्घाटनाला गुरुप्रसाद मौनाचं महत्त्व या विषयावर घसा बसेपर्यंत बोलले. आभारप्रदर्शन त्याहून लांबलं.

दुसऱ्या दिवसापासून भरारी पथक घरभर ओरडत फिरू लागलं, "गप्प! पोरगी बोलंल की!"

"मी कुठं बोलतो? सकाळपासनं गप्पच हाय की मी!" हे अक्का दिवसभर सांगत राहिल्या.

खरं मौन पाळलं एकट्या अस्मितानं. बैठकीत एकही सूचना न मांडल्याबद्दल समितीनं तिच्याकडून खुलासा मागवला.

मग एका रविवारी मिसळ आली. सगळ्यांची तोंडं भरलेली, त्यामुळं मौन आपोआप पाळलं गेलं. मधू अस्मिताजवळ आली. तिनं आईची ओढणी ओढली, वर बघितलं आणि तोंड उघडलं.

"आ…"

अस्मिता हातातला घास ठेवून तिच्याकडं वाकली.

"आई! आई म्हनाली!" अक्का पाव टाकून ओरडल्या. कृष्णातनं वारणानगरच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. अध्यक्षांनी उद्दिष्ट साध्य झाल्याचं जाहीर करून समितीला मुदतवाढ दिली. पेढे आले, एक पेढा पोरीच्या उघड्या तोंडात गेला.

अस्मितानं तो हळूच काढला. "काय म्हणत होतीस, बाळा? सांग की." आणि ती गप्प बसून वाट बघत राहिली. पोरीचे ओठ पुन्हा हलले.

"आईच म्हनत हुती! दुसरं काय म्हननार?" अक्का म्हणाल्या.

मधूनं तोंड मिटलं. अस्मिता पोरीला पोटाशी धरून रडली, तेव्हा अक्कांनी मावशीला सांगितलं, "आनंदानं रडाय लागलीया."

मधूला काय म्हणायचं होतं, ते त्या घरात आजतागायत कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे म्हणता? 'आ' ऐकल्याबरोबर पुढचा 'ई' तुम्हीच लावून टाकलात, होय ना? मग या, बसा. समितीत एक जागा रिकामी आहे.