दर रविवारचा डेटाबेस

कॉम्प्युटरला मोठ्यानं उत्तर देणारा माणूस आमच्या कसबा बावड्याच्या कॉलनीत एकच, मगदूम अण्णा. पडद्यावर ‘पुढे जायचं का?’ असा प्रश्न आला की अण्णा आधी ओरडायचे, "व्हय की!" आणि मग बटण दाबायचे.

अण्णांचं कोडोलीत बियाण्यांचं दुकान होतं. ते बंद करून इथं एकटेच राहायला आले, तेव्हा डोक्यात एकच खूळ. कुठल्या गावात कुणाकडं जुनी ज्वारी, जुना घेवडा शिल्लक आहे, त्याची नोंद डेटाबेसमध्ये करायची. मी म्हटलं, एक्सेल पुरेल. भडकले. "बी पोत्यात ठेवत्यात, रुमालात न्हाय!"

मी समोरच राहणारा सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं डेटाबेस बसवायला मलाच हाक. एक कमांड दिली की पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम, डेटाबेसला लागणारी बाकीची पॅकेजंही ओढून आणतो. ती लांबलचक यादी सरकताना बघून अण्णा खूश. "नवरा एक, आन वऱ्हाड बघ की केवढं!"

पण दर रविवारी सकाळी फोन ठरलेला.

"ये बाबा, डेटाबेस गेला."

"कुठं गेला?"

"मला काय सांगून गेलाय व्हय?"

मी जायचो, पुन्हा बसवायचो. अण्णा शेजारी खुर्ची ओढून ज्वारीच्या गोष्टी सांगायचे, मी घड्याळ बघत हं हं करायचो.

शेवटी कंटाळून एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. एकदा क्लिक केलं की सगळं आपोआप बसणार, मध्ये एक प्रश्नसुद्धा येणार नाही. अण्णांनी आपली खुर्ची परत भिंतीला लावली. "भारी केलंस," एवढंच म्हणाले.

फोन थांबले. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

चारेक महिन्यांनी जोतिबाचा प्रसाद द्यायला गेलो, तर कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. सहज म्हणून सुरू केला, पॅकेज मॅनेजरच्या जुन्या नोंदी उघडल्या. दर शनिवारी संध्याकाळी डेटाबेस काढून टाकल्याची नोंद. स्क्रिप्ट दिली त्या आठवड्यापर्यंत, एकही शनिवार न चुकता.

"अण्णा, हे तुम्हीच काढत होता?"

अण्णांचे कान लाल झाले. "च्या टाकतो," म्हणत आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

विचारायला नको होतं.

पुढच्या रविवारी न बोलावताच गेलो. अण्णांनी दार उघडलं, पण हात कडीवरच ठेवला.

"समदं चालतंय की," ते म्हणाले. "तू जा. तुला कामं असत्यात."