ताक्याच्या टोकावरचा प्रश्न

मार्किंगची काळी शाई. ब्लीचमध्ये जात नाही, रंगात जात नाही, उकळत्या पाण्यात जात नाही. म्हणूनच तर ती मार्किंगची!

बालवाडीत मदतनीस बाईची एक जागा. एक जूनपासून.

हात मोडला, खर्च मिळेल. कावीळ झाली, खर्च मिळेल. बाळंतपण असेल, तर मिळेलच मिळेल.

धुडकूचा चष्मा. नवागामच्या खोलीत, खिडकीच्या गजाला अडकवलेला.

अमळनेरहून आलेलं एक पिवळं झबलं. हातशिलाईचं.

राणी कलर.

आता या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. हेमराज बोरसेनेही हेच विचारलं असतं. पण ते सोमवारपर्यंत. सोमवारी संध्याकाळी तो ताटावर बसला, भाकरी मोडली आणि छाती ठोकून म्हणाला, "विचारतो! त्यात काय एवढं? उद्या सकाळी विचारतो, दुपारी उत्तर आणतो. मेहताजी म्हणजे आपला माणूस!"

प्रश्न त्याच्या बायकोचा होता. हेमराज पलसाण्याला एका प्रोसेस हाउसमध्ये कामाला होता, म्हणजे कोरं कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यात. तिथल्या शेठने त्या वर्षी, शहाण्णव साली, मनावर घेतलं होतं की कामगारांचा आणि त्यांच्या बायकापोरांचा आरोग्य विमा काढायचा. कशाकशाचा खर्च द्यायचा, त्याची यादी कारखान्याचे हिशेबनीस मेहताजी करत होते. शनिवारी यादी पक्की व्हायची. एकदा पक्की झाली की वर्षभर अक्षर हलणार नाही!

"आणि तांबीचं काय?" रंजनाने विचारलं.

हेमराजला असा ठसका लागला की दोन तांबे पाणी प्यावं लागलं.

"हळू! आई आहे आत!"

"असू द्या. आईंना काय माहीत नाही जगात काय असतं ते?" रंजना म्हणाली. "वर्षा झाली, किरण झाला. आता बालवाडीतली जागा मिळतेय. तिसरं पोटात घेऊन मी दुसऱ्यांची चाळीस पोरं सांभाळू? बाळंतपणाचा खर्च देतात, तर बाळंतपण होऊ नये म्हणून जे लागतं त्याचा का नाही? एवढंच विचारायचं. लिहून देऊ का कागदावर?"

"कागद कशाला? तोंड आहे ना मला!"

आत पुष्पाबाई, म्हणजे हेमराजची आई, गोधडीवर बसून पिवळ्या झबल्याची घडी घालत होत्या. अमळनेरहून येताना त्या कळण्याचं पीठ, ठेचा आणि हे झबलं घेऊन आल्या होत्या. झबलं कोणासाठी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. नुसत्या रंजनाच्या पोटाकडे बघायच्या आणि घडी घालायच्या.

मंगळवारी हेमराजचं तोंड त्याच्याबरोबर कारखान्यात गेलं, पण उपयोग झाला नाही.

पहिल्यांदा तो मेहताजींच्या केबिनमध्ये शिरला आणि म्हणाला, "मेहताजी, पंखा बरा चालतो ना?" मेहताजी म्हणाले, "चाले छे." दुसऱ्यांदा शिरला आणि विचारलं, "मेहताजी, चहा झाला?" मेहताजी म्हणाले, "थई गयो." तिसऱ्यांदा तो दारातच उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. टाकीतल्या माशासारखं! मेहताजींनी चष्म्यावरून बघितलं. "बोरसे, तबियत बराबर छे?"

हेमराज पळाला.

दोन पोरांचा बाप, बावीस माणसांच्या पंगतीत वाढायला पहिला, गणपतीत सगळ्यात मोठ्याने आरती म्हणणारा. पण तो एक शब्द त्याने आयुष्यात मोठ्याने उच्चारला नव्हता. जागेवर येऊन तो विचार करू लागला. बोलता येत नाही, तर लिहावं. पण कागद कुठे आहे?

कागद नव्हता. कापड होतं! हेमराजचं कामच ते. कोऱ्या कापडाचा प्रत्येक ताका आला की त्याच्या टोकावर काळ्या शाईने व्यापाऱ्याचं नाव आणि लॉट नंबर घालायचा, खाली आपली सही करायची. काही चुकलं तर कोणाचा कान धरायचा ते कळावं म्हणून. त्याने समोरच्या ताक्याचं टोक ओढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं:

"मेहताजी, विम्यात तांबीचा खर्च बसतो का? माझं नाव कुठे येऊ देऊ नये."

आणि खाली, हाताच्या सवयीने, सही केली: हे. बोरसे.

वीतभर टोक फाडायचं आणि चहा देणाऱ्या दत्तूच्या हाती केबिनमध्ये पाठवायचं, असा बेत होता. हेमराज कात्री आणायला उठला. चार पावलं गेला असेल नसेल.

त्याच्या मागच्या मशीनवर धुडकू बसायचा. धुडकूचं काम ताके एकमेकांना शिवून त्यांचा एकच लांबलचक पट्टा करायचं, म्हणजे तो पुढे मशीनमधून अखंड जातो. चष्मा घरी विसरलेला. पण चष्म्याची गरज काय? धुडकू नाकाने शिवायचा! समोर टोक दिसलं. खर्रर्र! पुढच्या ताक्याचं टोक दिसलं. खर्रर्र!

हेमराज कात्री घेऊन आला तेव्हा त्याच्या प्रश्नाला पुढून अडतीस आणि मागून एक ताका जोडला गेला होता, आणि पट्टा भिंतीतल्या भोकातून ब्लीचिंगमध्ये सरसर चालला होता.

"धुडकूदादा! थांबव!"

"काय झालं?"

"त्यात माझं... माझं एक टोक होतं!"

"सगळी टोकं तुझीच आहेत भाऊ. सही असते ना तुझी!"

त्या संध्याकाळी रंजनाने विचारलं, "विचारलं का?"

"प्रश्न पुढे गेलाय," हेमराज म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बुधवारी तो जेवणाच्या सुट्टीत ब्लीचिंगला धावला. पट्टा तिथून निघून गेला होता. पण शालिग्राम, यवतमाळकडचा एक सडसडीत माणूस, त्याला बघून गोड हसला आणि कानाशी येऊन म्हणाला, "बरं केलं बावा तू. मी पण खाली लिवून देलं."

"काय लिहिलंस?"

"निरोधचं काय, म्हून!"

प्रत्येक खात्याने ताक्याच्या टोकावर आपली खूण करायची, असा कारखान्याचा नियमच होता. म्हणजे प्रत्येक खातं ते टोक वाचणार! हेमराज तसाच मागे वळला. तो जेट मशीनकडे पळाला. हे मशीन म्हणजे रंगाचा भलामोठा बंद पिंप. आत कापड दोरासारखं गोल गोल फिरतं आणि काचेच्या लहानशा खिडकीतून दिसतं. खिडकीपाशी गणपत स्टूल टाकून बसला होता, सिनेमा बघावा तसा.

"ये, ये! आत्ता येईल बघ!"

आणि प्रश्न आला. राणी कलरच्या उकळत्या पाण्यातून काळीभोर, ठसठशीत अक्षरं वर आली: "तांबीचा खर्च". बुडाली. पुन्हा सफाचट गुलाबी. मग दोन मिनिटांनी: "हे. बोरसे". बुडाली.

"मशीन बंद कर, गणपतभाऊ!"

"वेडा का? चाळीस ताके डागाळतील. शेठ मला आत टाकून फिरवेल!"

पाऊण तास हेमराज तिथे उभा राहिला. त्याचं नाव त्याच्यासमोर एकवीस वेळा येऊन गेलं. दर फेरीला त्याला वाटायचं, आता पुसट होईल. दर फेरीला ते जास्तच उठून दिसायचं. राणी कलरवर काळं किती खुलतं!

"उत्तर आलं?" घरी रंजनाने विचारलं.

"फिरतंय अजून."

"सरकारी ऑफिस आहे का कारखाना?"

गुरुवारी कापड वाळवणीच्या मशीनवरून गेलं. हेमराज पोचायच्या आत तेही गुंडाळून झालं. पण बातम्या त्याला गाठतच होत्या. पांडुरंगने लिहिलं होतं: "बायको म्हणते ऑपरेशन तुम्ही करा, मी म्हणतो तू कर. विमा काय म्हणतो?" गणपतने लिहिलं होतं: "बाळंतपण बसतं तर हे का नाही? मला चार आहेत." कोणीतरी लिहिलं होतं: "लाज नाही वाटत?" आणि त्याखाली दुसऱ्याच हाताने: "हे अक्षर योगराजचं आहे."

मुताऱ्यांपाशी लोक हेमराजच्या पाठीवर थापा मारू लागले. एकाने त्याला बिडी दिली. हेमराज बिडी ओढत नव्हता, तरी ओढली.

शुक्रवारी कापड गोदामात कुलपात होतं.

आणि शनिवार उजाडला. विम्याच्या कार्डावर फोटो लागणार म्हणून सगळ्यांना बायकापोरांसह बोलावलं होतं. नवागामहून टेम्पो भरून माणसं आली. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पोरं तेल लावून चप्प. रंजना आली, वर्षा-किरण आले, आणि "माले बी फोटो काढना शे" म्हणत पुष्पाबाईही आल्या. फोल्डिंग खात्यात फोटोवाला, विम्याच्या डॉक्टर मॅडम, मेहताजी, शेठ. मागे टेबलावर, नुकत्याच घडी घातलेल्या राणी कलरच्या ताक्यांची थप्पी. हेमराज रांगेत सगळ्यात मागे सरकला.

शेठ रंगात होते. डॉक्टर मॅडमना म्हणाले, "मॅडम, आमचा कलर बघा! धुऊन बघा, जाय तो पैसा पाछा!" आणि थप्पीतला नेमका एक ताका ओढून त्यांनी टोक वर धरलं.

टोक काळं होतं. वरून खालपर्यंत.

"आ शुं लख्युं छे?" शेठने डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचलं. "मे-ह-ता-जी... विम्यात... तांबीचा... खर्च..."

फोटोवाल्याच्या फ्लॅशची तेवढी टकटक. मेहताजींनी शेठच्या कानात अर्थ सांगितला. शेठ ताक्यापेक्षा गुलाबी झाले.

"कोण छे आ हे. बोरसे?"

दीडशे माना वळल्या. लपायला जागा नव्हती. वर्षाने तर आनंदाने हात वर केला, "मारा पप्पा!"

"शेठ," हेमराज म्हणाला, "कागद नव्हता."

हास्याचा असा स्फोट झाला की बॉयलरवाला धावत आला. हेमराजला वाटलं, आता नोकरी गेली, अब्रू गेली, गावी जाऊन आईबरोबर झबली शिवायची!

तेवढ्यात रंजना रांगेतून पुढे आली. पदर खोचलेला, किरण कडेवर.

"शेठ, अक्षर त्यांचं आहे. प्रश्न माझा आहे."

हसणं थांबलं.

"पण बेन," शेठ गडबडले, "सरकारी दवाखानामां मफत मळे छे ने?"

"मिळतं. दिवस मोडून रांग लावली, बसवून घेतली. त्रास झाला म्हणून गेले, तर नर्सबाई म्हणाल्या पुढच्या बुधवारी या. तो बुधवार मी कसा काढला ते मला माहीत. खाजगी दवाखान्यात गेलं की बघतात, समजावतात, पण खर्च येतो. आणि फुकटच म्हणाल, तर तापाची गोळीपण तिथे फुकट मिळते. मग ताप कशाला धरलाय तुम्ही यादीत?"

मेहताजी मदतीला धावले. "पण आ बीमारी नथी ने, शेठ. विमा तो बीमारीचा..."

"मग बाळंतपण बिमारी आहे का? ते धरलंय ना?"

मेहताजींनी यादीकडे बघितलं. धरलं होतं. डॉक्टर मॅडम हळूच म्हणाल्या, "शेठ, बाई बरोबर बोलतायत."

आणि मग मागून पुष्पाबाई सरसावल्या. हेमराजने डोळे मिटले. आता आई काय बोलणार!

"माले आठ पोरे व्हयनात, सेठ," पुष्पाबाई म्हणाल्या. "चार जगनात. आमना टाइमले हाई का बरं नव्हतं?"

यावर कोणी हसलं नाही. शेठने तर टोपी काढून पुन्हा घातली. मग त्यांनी ताक्याचं टोक टेबलावर पसरलं आणि व्यापाऱ्याच्या बोटाने सह्या मोजल्या.

"दस जण. एक ताका पर दस ऑर्डर!"

"अकरा करा, शेठ," गर्दीतून योगराज चाचरत म्हणाला. "मी वेगळं लिहिलंय. पण मत तेच आहे." त्याच्या शेजारी त्याची बायको उभी होती आणि त्याचा दंड तिच्या चिमटीत होता.

"अगियार! एवढी ऑर्डर कोणी पाछी काढे?" शेठ म्हणाले. "लखो, मेहताजी! एक वर्ष करून बघू. बाईमाणसाचं पण, पुरुषाचं पण."

"क्यां लखुं? यादी टाइप झालीय. जागा नथी."

"तो अहीं लखो!"

आणि मेहताजींनी मार्किंगचा ब्रश उचलून, राणी कलरच्या ताक्यावर, सगळ्या सह्यांच्या खाली लिहिलं: मंजूर. शेठने सही केली. वीतभर टोक फाडून यादीला टाचलं गेलं.

परतताना टेम्पोत हेमराजची छाती पुन्हा सोमवारइतकी फुगली होती. "बघितलं? सगळा कारखाना गप्प होता. मांडला कोणी? मी!"

"हो. उकळून, रंगवून, वाळवून मांडलात," रंजना म्हणाली. "साधा कागदावर मांडला असता तर?"

"अगं, कितीदा सांगू, कागद नव्हता!"

रंजना खिडकीतून बाहेर बघत हसत राहिली. मागच्या बाकावर पुष्पाबाई वर्षाच्या बाहुलीला पिवळं झबलं घालत होत्या. जरा मोठं होत होतं, पण बाहुलीची काही तक्रार नव्हती. एक जूनला अजून एक आठवडा होता.

त्याच मंगळवारी सकाळी, हेमराज प्रश्न घेऊन कामाला निघताना, रंजनाने त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक कोरा कागद घडी करून घातला होता.