मोटरीची संमती

"समृद्धी, तुझ्या वडिलांनी तिसऱ्यांदा नकार दिला," अक्षदा मॅडम फोनवर म्हणाल्या. "म्हणजे मला तरी तो नकार वाटतो. तूच ऐकून सांग."

मॅडम पुण्यात विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवत. समृद्धी त्यांची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आणि परीक्षेच्या तयारीसाठी सध्या खुटबावला घरी आलेली. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेनं उन्हाळ्याच्या प्रकल्पासाठी देशभरातून मोजकी मुलं निवडली होती, त्यांत तिचं नाव होतं. अट एकच होती. पालकांची संमती फोनवर रेकॉर्ड झालेली हवी, आणि ती शुक्रवारी कचेरी बंद होण्याआधी हवी. नाहीतर जागा पुढच्या नावाला.

मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. आधी एका मुलीचा गोड आवाज आला. "नमस्कार. संगणकशास्त्र विभागाच्या बातम्या आणि संधी सेवेत आपले स्वागत. आपल्या पाल्याची उन्हाळी प्रकल्पासाठी निवड झाली आहे. संमती असल्यास एक दाबा."

मग एक जाड, निवांत आवाज म्हणाला, "लाईट न्हाई. घरी जा, च्या प्या."

"हे पहिल्या वेळचं," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी ते म्हणाले, मोटर चालू झाली हाय, पाय जपून टाका, सरीत पाणी हाय. आणि काल म्हणाले, मोटर बंद केली, लई झालं पाणी. हे शेवटचं मला जरा टोमण्यासारखं वाटलं."

समृद्धी गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आवाज आप्पांचाच आहे, मॅडम. पण आप्पा दिवाळीआधी गेले. तो मोटरीचा नंबर आहे."



त्याचं असं झालं होतं. विहिरीवरच्या मोटरीला आप्पांनी, म्हणजे सोपानरावांनी, सिमकार्डचा स्टार्टर बसवला होता. घरातून फोन लावला की मोटर सुरू होई, पुन्हा लावला की बंद. शेतीची लाईट बहुतेक रात्रीच येई, पण आत बारकी बॅटरी असल्यानं ती नसली तरी यंत्र फोन उचलून तसं सांगे, आणि समोरचा ठेवीपर्यंत फोन ठेवत नसे. दौंडच्या दुकानातून आणलं तेव्हा ते एका बाईच्या आवाजात हिंदी बोलत असे. सोपानरावांना ते पटलं नाही. "माझी मोटर, माझी हीर. ती माझ्याशी हिंदीत का बोलती?" त्यांनी गोधडी डोक्यावर घेऊन, कोंबड्यांचा आवाज येऊ नये म्हणून खोलीचं दार लावून, स्वतःच्या आवाजात तीन वाक्यं म्हटली. समृद्धीनं ती यंत्रातल्या कार्डात घातली. आणि तिच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या माणसानं पालकांचा नंबर विचारला, तेव्हा सोपानरावांनी विचारपूर्वक मोटरीचाच सांगितला. त्यांच्या स्वतःच्या फोनची बॅटरी उतरे, रिचार्ज संपे, फोन कधी शेवंतीच्या पाटीत राही. मोटरीचा नंबर कधीच बंद नसे.

त्यामुळे गेला महिनाभर, ही नवी सेवा सुरू झाल्यापासून, विद्यापीठातल्या शिष्यवृत्त्या, स्पर्धा, व्याख्यानं आणि नोकरीच्या संधी सर्वांत आधी खुटबावच्या मोटरीला कळत होत्या.

"मॅडम, तिथं आईचा नंबर घालता येईल ना?"

"येईल का, हेच आम्हाला माहीत नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ती यंत्रणा आमच्याच एका विद्यार्थ्यानं, सुमितनं, बनवली. तो आता नोकरीला लागला, फोन उचलत नाही. एकदा एकाचा नंबर बदलायला गेलो, तर तिनं सगळ्या पालकांना पहाटे फोन करून दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. मार्चमध्ये. तेव्हापासून विभागात तिला कोणी हात लावत नाही. शुक्रवारी दुपारी ती शेवटचा फोन करील. त्याच नंबरवर."

समृद्धीनं ही हकीकत आईला सांगायला घेतली, तोच बांधावरून सत्तार आला. त्याचं वावर यांच्या वावराच्या खालच्या अंगाला होतं आणि दोन्ही घरांचं येणंजाणं जुनं होतं. त्याच्या हातात चिखलानं भरलेला एक कांदा होता. तो त्यानं पुरावा म्हणून ओट्यावर ठेवला.

"वहिनी, ह्ये बघा. वाळायला टाकल्याला कांदा. ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा तुमचं पाणी माझ्या वाफ्यात आलं. भर दुपारी कुणी मोटर लावतं, कुणी बंद करतं, काय चाललंय काय?"

"विद्यापीठ लावतं, चाचा," समृद्धी म्हणाली.

"कोण लावतं?"

तिनं सगळं सांगितलं. सत्तारनं ते फार लक्ष देऊन ऐकलं. मग टोपी काढून पुन्हा घातली.

"म्हंजी पुण्यातली मशीन आपल्या मशीनला फोन करती. ती म्हणती एक दाबा, आन् आपले सोपानराव म्हणत्यात च्या प्या."

"व्हय," समृद्धीच्या आई, रतनबाई, म्हणाल्या.

"आन् दोघांचं ह्ये असं महिनाभर चाललंय." त्यानं विहिरीकडं पाहिलं. "काय दिवस आले वहिनी."

उपाय सोपा होता. मोटरीतलं सिम काढायचं, साध्या फोनमध्ये घालायचं, फोन आला की रतनबाईंनी उचलून एक दाबायचं. पण रतनबाई स्टार्टरच्या पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काढू नगं."

"आई, आवाज सिममध्ये नसतो. आत वेगळं कार्ड आहे, त्यात आहे."

"आन् परत बसलंच न्हाई तर?"

"बसतं गं. मीच बसवलंय."

"तुझं ते यंत्र करणारं पोरगंबी हेच म्हणालं असंल," रतनबाई म्हणाल्या. तरी त्या बाजूला झाल्या. सिम निघेपर्यंत मात्र त्यांनी पेटीवरचा हात काढला नाही.

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून त्या फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. केस विंचरलेले, पदर नीट. विद्यापीठाचा फोन म्हटल्यावर त्यांना तसंच बसणं योग्य वाटलं. फोन लगेच वाजला.

"हॅलो," रतनबाई म्हणाल्या.

पलीकडे कोणीतरी दचकलं. फोन कट झाला. जरा वेळानं पुन्हा वाजला.

"हॅलो?"

"काकी?"

"कैफ? व्हय रं, तू?" कैफ म्हणजे सत्तारचा मुलगा. सणसवाडीला कंपनीत कामाला, तिथंच खोली घेऊन राहत होता. "कुणाला लावला फोन?"

"राँग नंबर, काकी."

"राँग नंबरला काकी म्हणतोस व्हय?"

मागं कॅन्टीनमधली भांडी वाजत होती. "जेवणाच्या सुट्टीत समदी पोरं घरी फोन लावत्यात," तो शेवटी म्हणाला. "मीबी अम्मीला लावतो. मग एक इकडं लावतो. काका म्हणत्यात घरी जा, च्या प्या. बास, तेवढंच. दुपारी लाईट नसती ना तुमच्याकडं, म्हणून मोटर न्हाई चालू व्हत. मी बघून लावतो काकी."

"ह्या आठवड्यात लाईट दिवसा केलीय."

"या अल्ला," कैफ म्हणाला. "अब्बाचा कांदा."

समृद्धीनं आईकडं पाहिलं. रतनबाईंनी फोन ठेवला आणि पदरानं त्याची काच पुसली. काच स्वच्छच होती. फोन पुन्हा वाजला.

या वेळी पलीकडच्या माणसानं हॅलोची वाटच पाहिली नाही. "सोपाना, ऐक. आज धाकट्या सुनंनं माझ्या देखत दळण बदललं. मी म्हणलं नाचणी थोडी घाल, तर म्हणती आत्याबाई तुम्ही बसा. बसू तर कुठं बसू?" ही शिरूरची नकुशीआत्या, सोपानरावांची थोरली बहीण. यंत्राशी बोलायची सवय झाल्यानं ती मध्ये श्वासालाही थांबत नव्हती. सुनेचं झालं, गुडघ्याचं झालं, व्याह्याचं झालं. रतनबाईंना मध्ये बोलायला फट सापडेना, आणि थोड्या वेळानं त्या ती शोधेनाशाही झाल्या. "आन् तुझी ती रतन. हळदीकुंकवाला बोलावलं तर आली न्हाई. एकटी बसती घरात. तू गेल्यापास्नं ती कुणाकडंच जात न्हाई. तू सांग तिला. माझं काय ऐकती?"

"वन्सं," रतनबाई म्हणाल्या, "मीच हाय."



"तू कवापास्नं ऐकतीस?"

"दळणापास्नं."

"मग ये की हळदीकुंकवाला," आत्या म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात समृद्धीचा फोन वाजला. अक्षदा मॅडम होत्या. "अगं, नंबर बिझी आला. यंत्रणेनं लावला होता. आता ती एकदाच लावील, त्यानंतर नाही. कोणाशी बोलतायत तुझे... कोण बोलतंय त्यावर?"

"नातेवाईक, मॅडम."

"मोटरीचे?"

"हो," समृद्धी म्हणाली.

आता पुण्याचा सोडून फोन कोणाचाही आला तरी उचलायचा आणि लगेच ठेवायचा, असं ठरलं. समृद्धी उठून अंगणात फेऱ्या घालू लागली. जागा पुढच्या नावाला गेली, तर ते नाव कोणाचं असेल, ते आज कुठं बसलं असेल, असं काहीबाही तिच्या मनात येत होतं. फिरता फिरता तिची नजर बांधाकडं गेली. सत्तार तिथं पाठमोरा उभा होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, खिशातून फोन काढला, बटणं दाबली आणि तो कानाला लावून विहिरीकडं तोंड केलं.

रतनबाईंच्या मांडीवरचा फोन वाजला.

त्यांनी तो उचलला नाही. नुसती हाक मारली. "सत्तारभाई."

सत्तार वळला. फोन अजून कानालाच होता. तो तसाच चालत ओट्यापाशी आला आणि पायरीवर बसला. मग त्यानं फोन बंद केला, तेव्हा मांडीवरचाही थांबला.

"कांद्याची तक्रार तुम्हीच केली ना?" रतनबाईंनी विचारलं.

"कांदा सकाळी उचलून घरात नेला," सत्तार जमिनीकडं पाहत म्हणाला. "वावर भिजल्यालंच व्हतं. म्हणलं, आता अजून काय भिजणार." थोडं थांबून म्हणाला, "रोज न्हाई लावत. शेजारी माणूस बोलायचा तर आवाज यायचा, वहिनी. आता येत न्हाई."

रतनबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला. तोच फोन पुन्हा वाजला. नंबर पुण्याचा होता.

रतनबाईंनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला. समृद्धीनं स्पीकर सुरू केला. "नमस्कार. संगणकशास्त्र विभागाच्या बातम्या आणि संधी सेवेत आपले स्वागत."

"नमस्कार," रतनबाई म्हणाल्या.

"आपल्या पाल्याची उन्हाळी प्रकल्पासाठी निवड झाली आहे. संमती असल्यास एक दाबा."

"तिथं पोरींची राहायची सोय नीट हाय ना?"

"क्षमस्व. आपला पर्याय समजला नाही."

"जेवायला भात असतो म्हणत्यात नुसता. ही भाकरीबिगर राहत न्हाई. आन् तिचे आप्पा असते तर सोडायला गेले असते. आता मी एकली कुठं जाऊ तितक्या लांब?"

"क्षमस्व. आपला पर्याय समजला नाही. संमती असल्यास एक दाबा."

"आई, दाब ना," समृद्धी म्हणाली.

"वहिनी, ती मशीन हाय," सत्तार म्हणाला. "मशीनसंगं बोलून काय..." आणि तो मध्येच थांबला.

फोनमधली मुलगी पुन्हा तेच सांगू लागली. न कंटाळता, न चिडता, पहिल्याइतक्याच गोडव्यानं. रतनबाई तिचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकत राहिल्या. ही कोणाची पोर असेल, ती असेल की आता कुठं दुसरीकडं गेली असेल, तिच्या घरी हा आवाज कोण ऐकत असेल, कोण जाणे.

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि एक दाबलं.

"धन्यवाद. आपली संमती नोंदवली आहे. आपला दिवस शुभ असो."

"तुझाबी," रतनबाई म्हणाल्या.

संध्याकाळी समृद्धीनं सिम पेटीत परत घातलं. बसलं का, ते पाहायला फोन लावायला हवा होता. तिनं आईला नंबर सांगायला सुरुवात केली, तोवर रतनबाईंचा स्वतःच्या फोनवर तो पाठ असलेला नंबर दाबूनही झाला होता. समृद्धीनं विचारलं नाही. पण मुलीचा नंबर त्यांना अजून पाठ नव्हता, हे तिला माहीत होतं.

बेंगळुरूला सोडायला नकुशीआत्या गेली. कोणी सांगितलं नव्हतं, ती पिशवी घेऊन दौंड स्टेशनवर येऊन बसली होती. भाकरीचं पीठ घेऊन.

संस्थेतल्या पहिल्या सोमवारी समृद्धीला यंत्रांची खोली दाखवली. कपाटांमागून कपाटं, थंड हवा, आणि अखंड घूं असा एक आवाज. हजारो माणसांचं बोलणं इथं एकाच वेळी ऐकलं जातं, जपलं जातं, असं मार्गदर्शक सांगत होते. समृद्धी मान वर करून पाहतच राहिली. एवढं मोठं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. 'सोपानराव मोटर' नावाचा नवा ग्रुप होता. त्यात कैफ होता, आत्या होती, आई होती, आणखी गावातली पाचसहा नावं होती, आणि कोणी घातलं ते कळेना, पण अक्षदा मॅडमही होत्या. सत्तारचा मेसेज होता:

"सर्वांना नमस्कार. ह्या आठवड्यात शेतीची लाईट फक्त रात्री. वायरमनला विचारून खात्री केली आहे. दिवसा कुणीही निवांत बोलावे."