हबीबचाचांची बसून परीक्षा

दसऱ्याच्या आधीचा रविवार, सकाळ. ठिकाण: लातूर, गंजगोलाईमागचं हबीबचाचांचं घड्याळाचं दुकान. हजर: मी, माझे सासरे अण्णा आणि चाचा. चाचांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं. सगळी गिऱ्हाइकांची.

दुरुस्त केलेलं चावीचं घड्याळ चाचा लगेच परत देत नाहीत, आधी स्वतः घालतात. "टेबलावर तर कोन्तंबी चालतं. माणसावर चालाय पाहिजे." आजोबांपासून त्यांच्या घरात हीच रीत. चाचांनी तिच्यात भर घातली: घड्याळाचा मालक जसा जगतो, तसंच आपणही जगून बघायचं. कंडक्टरचं घड्याळ घालून ते एसटीनं औशाला जाऊन आले, जागा असून उभ्यानं. मास्तरांचं घातलं तेव्हा दिवसभर शटरवर खडूनं पाढे लिहिले. डाळमिलच्या हमालाचं घातलं आणि कंबर धरली. "घड्याळ ठीक हाय," पडल्या पडल्या म्हणाले, "मलाच दुरुस्तीला टाका."

अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. दिवसभर बसून असतात. म्हणजे त्यांच्या घड्याळाची परीक्षा बसूनच घ्यायची. उन्हाळ्यापासून चाचा ती घेऊन राहिलेत. अण्णा रोज चौकशीला जातात आणि जेवायच्या वेळेला रिकाम्या हातानं परत येतात.

हे घड्याळ माझ्या नणंदेनं पहिल्या पगारातून अण्णांना दिलेलं. दसऱ्याला ती येणार. अण्णांचं मनगट मोकळं दिसलं की बोलणी मला बसणार. म्हणून मीच गेले.

"चाचा, मोबाइलशी जुळवून बघा. अगदी बरोबर आहे."

"हौ बेटी, आज बरोबर हाय. उद्याचं कोन सांगावं?"

"उन्हाळ्यापासून हेच म्हणून राहिलात."

"अण्णांसारखं बसाय जमंना मला. मधीच उठतो. परीक्षा बाद."

मी चाचांना अण्णांचं घड्याळ काढायला लावून काउंटरवर ठेवलं. घड्याळाची डबी काढायला पिशवीत वाकले. वर बघते तर काटे भलतेच पुढे. अण्णा रस्त्याकडे बघत होते, चाचा छताकडे.

"बघ सूनबाई," अण्णा म्हणाले, "पळतंय."

मी काही बोलणार, तेवढ्यात अण्णांच्या खुर्चीवरची उशी दिसली. आमच्या घरातली. मी उन्हाळ्यापासून शोधत होते. शेजारी थर्मास आणि दोनच कप. चाचांचा मुलगा ज्या स्टुलावर बसून काम शिकला, त्यावर आता वर्तमानपत्रं होती. तो हैदराबादला असतो, बॅटरीवाल्या घड्याळांच्या शोरूममध्ये.

चाचांनी काटे मागे घेतले, चावी दिली, घड्याळ हातावर चढवलं. "चांगलं दुरुस्त केलं की माणूस वर्सानुवर्सं फिरकत न्हाई, बेटी," ते खाली बघत म्हणाले.

मग दोघं बसले. फार मन लावून बसले.

मी डबी पिशवीत परत टाकली. पुरणाची डाळ आणली, पाहुण्यांच्या चादरी धुतल्या, झेंडू सांगून ठेवला. राहिलं एकच: नणंदेला काय सांगायचं, ते ठरवणं.