ब्रेटचे सहा नाबाद

"आकडे माझ्याशी बोलतात!" असं चंद्रशेखर दिवसातून दोनदा तरी म्हणायचा. नागपूरला असताना गल्लीतल्या मॅचेसचा स्कोअर आठ वर्षं त्यानेच लिहिला होता आणि आता अमेरिकेत हर्नडनला तो डेटा अ‍ॅनालिस्ट होता. मग त्याला अडवणार कोण? बायको शोभना तेवढी म्हणायची, "बोलतात रे, पण तू ऐकतोस कुठे?"

त्या सोमवारी मात्र मामला नाजूक होता. ग्रीन कार्डसाठी बॉसचं शिफारसपत्र हवं होतं. वकिलाने ते झक्कास लिहून दिलं होतं. 'आकडेवारीचं असामान्य ज्ञान' ही ओळ तर चंद्रशेखरला पाठच होती. फक्त गॅरीसाहेबांची सही राहिली होती, आणि गॅरीसाहेब तीन आठवडे "उद्या बघू" म्हणत होते! आपल्याकडच्या तहसील कचेरीने तोंडात बोट घालावं असा माणूस!

"त्याला खूश करायला हवं," चंद्रशेखर सकाळी चहा पिताना म्हणाला. "त्याचा मुलगा ब्रेट बेसबॉल खेळतो. छोट्या लीगमध्ये, पण पगारी! काल मॅच होती, बघतो काय झालं ते."

ब्रेटची टीम चार-तीनने हरली होती. पण खरा जाणकार निकालावर थोडाच थांबतो? चंद्रशेखर स्कोअरच्या तक्त्यात घुसला. ब्रेटच्या नावापुढे लिहिलं होतं: बॅटिंग पाच वेळा, हिट शून्य, आणि 'लेफ्ट ऑन बेस' सहा.

"सहा! अख्ख्या टीममध्ये सगळ्यात जास्त!" तो ओरडला. "अगं, बेसवर शिल्लक राहिला म्हणजे नाबाद! पोरगा सहा वेळा नाबाद राहिलाय!"

"बॅटिंग पाच वेळा आणि नाबाद सहा वेळा?"

"त्यांचे काहीतरी रूल असतील यार! तू डिटेलमध्ये नको शिरूस."

"आणि हिट शून्य?"

"तेच तर! फटके मारत नाही, खडूससारखा एक बाजू लावून धरतो. अशा माणसांवरच टीम उभी असते!"

"पण टीम हरली ना?"

"बाकीच्यांमुळे!"

दुपारी ऑफिसच्या पँट्रीत भलामोठा केक आला. त्यावर निळ्या अक्षरांत 'ब्रेट: सहा नाबाद!' आणि शेजारी, सहज दिसेल असं, शिफारसपत्र आणि पेन. योगायोगाने ब्रेट स्वतःच बापाबरोबर लंचला आला होता. कोचने त्याला आज सुट्टी दिली होती म्हणे. चंद्रशेखरला वाटलं, नशीब फळफळलं!

"मित्रहो!" तो कडाडला. "काल सगळे ढेपाळले, तेव्हा एकच वाघ बेसवर उभा होता. एकदा नाही, सहा वेळा!"

कुणी टाळी वाजवली नाही. गॅरीसाहेब बिटासारखे लाल झाले होते.

"चंद्रा, ते सहा लोक दुसरे आहेत," ते दात आवळून म्हणाले. "ते बेसवर पोचून वाट बघत होते, की हा एक हिट मारेल आणि आपण धावत येऊन रन पूर्ण करू. हा दर वेळी आउट झाला आणि ते तिथेच लटकले. मॅच ह्याच्यामुळे हरलो! म्हणून तर कोचने घरी बसवलंय!"

चंद्रशेखरने मनातल्या मनात हिशोब मांडला: ग्रीन कार्ड गेलं, नोकरीही गेली, आता शोभनाला काय सांगायचं? गॅरीसाहेबांनी पत्र उचललं आणि मोठ्याने वाचलं, "आकडेवारीचं असामान्य ज्ञान!" अख्खी पँट्री खो खो हसली. चंद्रशेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ब्रेट मात्र केव्हाच केक कापून खात सुटला होता. "डॅड, या सीझनमध्ये माझ्यासाठी केक आणणारा हा पहिलाच माणूस आहे," तो तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "कर की सही!"

गॅरीसाहेबांनी मुलाकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला, पत्रावर जरा खरडलं आणि खरोखर सही केली! चंद्रशेखरने ते पत्र न वाचताच स्कॅन करून वकिलाला पाठवलं. न जाणो, साहेबांचं मन बदललं तर!

पाचच मिनिटांत वकिलाचा फोन आला.

"सही मिळाली, अभिनंदन! पण त्यांनी 'आकडेवारीचं असामान्य ज्ञान' खोडून वर हाताने 'केक उत्तम आणतो' असं लिहिलंय. हे मी कुठल्या कॅटेगरीत फाइल करू?"