एका दिवसाची ज्येष्ठता

शनिवार, ५ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. उबेरलिंदा चिग्वाय यांच्या स्वयंपाकघरातल्या चुलीच्या धुराड्याने पेट घेतला. लाकूड ओले होते आणि धुराड्यात हिवाळाभराची काजळी साठलेली होती. चिलीतल्या पुएर्तो मान्योच्या बंबखान्याला वर्षाला अशा आगीच्या वीसेक वर्द्या येतात. कुणी त्यांचा बाऊ करत नाही.

भोंगा वाजला तेव्हा कॅप्टन आणि दोघे लेफ्टनंट कास्त्रो शहरात बैठकीसाठी गेलेले होते. सहा स्वयंसेवकांनी फोनमधल्या ॲपवर 'निघालो' हे बटण दाबले. अधिकारी कुणीच नाही हे ओळखून ॲपने सहाही फोनवर ठळक लाल अक्षरांत जाहीर केले : 'नेतृत्व – उलिसेस बारियेंतोस'.

आग विझवण्याच्या कामात पहिला अडथळा आला तो हा.

इथल्या बंबवाल्यांना पगार नसतो. कुणी बोटींची इंजिने दुरुस्त करतो, कुणी दुकान चालवतो. भोंगा वाजला की हातातले टाकून पळतो. त्याबदल्यात त्याला मिळते ती रांगेतली जागा. अधिकारी हजर नसेल तर ज्याची सेवा जुनी, त्याने हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. सेवा एका दिवसाने जुनी असली तरी चालते. इंजिन-दुरुस्तीवाला हेरिबेर्तो कार्कामो असा एका दिवसाने जुना होता. ज्याच्यापेक्षा जुना होता तो त्याच्या बायकोचा भाऊ, खिळे-रंगांचा दुकानदार उलिसेस. पंचवीस वर्षांत अधिकारी नसताना एक्केचाळीस वर्द्या आल्या होत्या आणि एक्केचाळीस वेळा हुकूम हेरिबेर्तोने दिला होता. हा आकडा कुठे लिहिलेला नाही. तो उलिसेसला तोंडपाठ आहे.

"शिडी डावीकडून लावा," उलिसेस अंगणातून ओरडला.

"उजवीकडून!" मागून आलेला हेरिबेर्तो ओरडला. "आणि तू कोण रे सांगणारा?"

"मी कुठे सांगतोय, दाजी? फोन सांगतोय. बघा की."

"फोनला कधी छपरावर चढताना बघितलंयस?"

"तुम्हालाही दहा वर्षांत नाही बघितलं."

शिडी उचलून उभ्या असलेल्या दोघांपैकी एकजण म्हणाला, "आधी ठरवा हो. खांदे गेले आमचे."

"डावी बाजू म्हणजे घराची डावी की आपली?" दुसऱ्याने विचारले.

शिडी आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे आली, मग कुंपणावर टेकून राहिली. तोपर्यंत उबेरलिंदाबाईंनी चुलीची झडप बंद केली, विस्तवावर दोन मुठी जाडे मीठ टाकले आणि त्या हात बांधून उभ्या राहिल्या. बाराला पाच कमी असताना धुराडे शांत झाले.

"आता आत या नाहीतर घरी जा," त्या दारातून म्हणाल्या. "मिल्काओ करपलेत थोडे. पण तुम्हाला चालतील."

करपलेले बटाट्याचे मिल्काओ सहाजणांनी मुकाट्याने खाल्ले. दुपारी दोन वाजता बंबखान्यात आगीचे दोन अहवाल दाखल झाले. एकात प्रमुख उलिसेस होता, दुसऱ्यात हेरिबेर्तो.

"आग एक आणि प्रमुख दोन," सेक्रेटरी बाल्दोविनो ओयार्सो म्हणाले. हे गृहस्थ सत्तावीस वर्षे बंबवाल्यांच्या कंपनीची वही लिहीत आले आहेत. "रकाना एकच आहे माझ्याकडे. यास्नाला बोलवा."

यास्ना ही हेरिबेर्तोची मुलगी. सॅमन माशांच्या पिंजऱ्यांत खाद्य किती गेले हे सांगणारी संगणकाची आणि फोनची ॲप्स ती घरी बसून बनवते. बंबखान्याचे ॲप तिने त्याच वर्षी हिवाळ्यात फुकट करून दिले होते. माहिती ओयार्सोंच्या टेबलावरच्या संगणकात भरायची आणि ती सगळ्यांच्या फोनवर दिसायची, अशी योजना होती. त्यानंतर प्रत्येक वर्दीला कुणी ना कुणी अधिकारी हजर होता, त्यामुळे ती लाल ओळ आजवर कुणी पाहिलीच नव्हती.

यास्ना तीन वाजता आली. तिने संगणकावर यादी उघडली.

"बाबा, तुम्हीच वर आहात. हे बघा. तुम्ही नऊ ऑक्टोबर नव्व्याण्णव, मामा दहा ऑक्टोबर नव्व्याण्णव. बरोबर आहे सगळं."

"आणि हे काय मग?" हेरिबेर्तोने फोन तिच्या नाकासमोर धरला.

फोनवर दोघांचीही तारीख नऊ होती.

"तारीख सारखी झाली की वयाने मोठा तो वर," यास्ना म्हणाली. "नियम ओयार्सोकाकांनीच सांगितला होता. मामा तीन वर्षांनी मोठा आहे."

"सारखी झालीच कशी? कालपर्यंत नव्हती."

"कालपर्यंत तुम्ही बघितली नव्हती."

"तुझ्या आईनं सांगितलं ना तुला? भावासाठी?"

"आईला अजून आग लागलेलीसुद्धा माहीत नाहीये, बाबा."

उलिसेस खुर्ची भिंतीला लावून बसला होता आणि अधूनमधून फोनकडे बघत होता. एखादे पत्र पुन्हा वाचावे तसे.

यास्नाने ॲप बंद करून उघडले. फोन बंद करून चालू केला. ॲप काढून टाकून नव्याने घातले. तारीख नऊच राहिली. शिडी धरणाऱ्यांपैकी एकाने फोनमध्ये ओल गेली असेल असे सांगितले. दुसऱ्याने फोन चुलीजवळ ठेवून बघितला. तारीख गरम झाली, बदलली नाही.

"संगणकावर बरोबर आणि फोनवर चूक, म्हणजे फोन चुकतोय," हेरिबेर्तोने निकाल दिला.

"सहाही फोन एकसारखेच चुकतायत? मग कंपनीतले तेहेतीसही चुकत असतील," यास्ना म्हणाली.

तिने मग वेगळी वाट धरली. एक खोटा स्वयंसेवक तयार केला आणि त्याला निरनिराळ्या तारखांना कंपनीत भरती केले. आठ ऑक्टोबर नव्व्याण्णवला केले, फोनवर आठ दिसली. अकराला केले, अकरा दिसली. आदल्या वर्षीच्या दहा ऑक्टोबरला केले, दहा दिसली. नव्व्याण्णवच्या दहा ऑक्टोबरला केले तेव्हा फोनवर नऊ आली. तिने ते तीनदा करून पाहिले आणि स्वतःच्या वहीत लिहिले.

"फोनला ही एकच तारीख पचत नाहीये."

"संगणकाला पचते की," ओयार्सो जरा अभिमानाने म्हणाले.

यास्नाने संगणकाच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजून दहा मिनिटे. बरोबर होते. तिने घड्याळाची सेटिंग्ज उघडली आणि ते कुठल्या शहराच्या वेळेवर लावले आहे ती ओळ दोनदा वाचली.

"काका, हा संगणक ब्युनोस आयर्सला आहे."

खोलीतले सगळे उठून टेबलाभोवती जमले.

"आपला संगणक? अर्जेंटिनात?"

"बंबखान्यात अर्जेंटिना?" हेरिबेर्तो म्हणाला. "ओयार्सो, कॅप्टनला काय सांगणार तुम्ही?"

ओयार्सोंचे कान लाल झाले. "माझं ऐकून घ्या. सरकार उन्हाळ्याला घड्याळ पुढे करतं, हिवाळ्याला मागे. एका वर्षी म्हणालं मागे करायचंच नाही. पुढच्या वर्षी म्हणालं करायचं, पण वेगळ्या महिन्यात. हे यंत्र आपल्या मनानं भलत्याच दिवशी उड्या मारायचं. तीन वर्द्यांची वेळ चुकली माझ्या वहीत. मग मी पलीकडच्यांचं घड्याळ लावलं. त्यांचं हलत नाही. हिवाळ्यात पाच महिने मी एक तास मनात वजा करतो. आजपर्यंत कुणाचं काही बिघडलं का?"

एका माणसाचे काय बिघडले किंवा सुधारले, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हते. यास्नाने घड्याळ चिलीवर आणले आणि यादी पुन्हा उघडली.

संगणकावरही उलिसेसची तारीख नऊ झाली. तो वर गेला, हेरिबेर्तो खाली आला.

"अगं, आता इथूनही गेलो मी!" हेरिबेर्तो ओरडला. "ते परत ब्युनोस आयर्सला ने!"

"दाजी, तुम्ही चिलीचे ना?" उलिसेसने बंबखान्यात पहिल्यांदाच तोंड उघडले.

यास्नाने एव्हाना जुन्या वेळापत्रकांची यादी काढली होती. ती बोटाने ओळी मोजत खाली आली आणि थांबली. मग खुर्ची वळवून तिने सांगितले ते असे : नव्व्याण्णव साली उन्हाळ्याची वेळ वडिलांच्या भरतीच्याच शनिवारी रात्री सुरू झाली होती. शनिवार नऊ तारखेचे बारा वाजायच्या जागी एकदम रविवारचा एक वाजला. मधला तास या देशात झालाच नाही. आणि तिने ॲप लिहिताना प्रत्येक तारीख तिच्या पहिल्या क्षणावर, रात्री बारावर, उभी केली होती.

"मामाला मी दहा तारखेच्या रात्री बारावर उभं केलं. तिथं जमीनच नव्हती. तो तासभर मागे पडला. शनिवारी रात्री अकरा. म्हणजे नऊ तारीख."

"म्हणजे सरकारनं माझा तास खाल्ला," हेरिबेर्तो म्हणाला.

"तुमचा कुठला? माझा," उलिसेस म्हणाला. "आणि खाल्ला नाही. परत दिला."

"काय परत दिला? तू रविवारी आलास. उशिरा आलास."

"मी शनिवारी आलो होतो."

हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटले की शिडीवाले दोघे पुन्हा खाली बसले.

"यास्ना, तुला कुणी सांगितलं नसेल," तो म्हणाला. "शनिवारी चार ते सहा भरती होती. आम्ही दोघं रांगेत. दाजी पुढे, मी मागे. दाजींचा नंबर आला आणि ओळखपत्र घरी राहिलेलं. म्हणाले, उलिसेस, तुझ्याकडे सायकल आहे. मी गेलो. चढावरून तीन किलोमीटर, परत तीन. सहाला दोन मिनिटं कमी असताना आलो, कार्ड हातात दिलं. त्यांनी सही केली. आणि काकांनी वही मिटली."

यास्नाने वडिलांकडे पाहिले. ते फोन खिशात ठेवत होते, मग बाहेर काढत होते.

"काका, मामा रांगेत होता तेव्हा?"

"होता," ओयार्सो म्हणाले.

"मग?"

"सहा म्हणजे सहा. त्याला म्हटलं, उद्या चर्चनंतर ये, तुझ्यासाठी उघडतो. रविवारचा दिवस, तरी उघडली मी." मग ते म्हणाले, "एका दिवसाचं एवढं होईल असं कुणाला वाटलं होतं? आम्हाला वाटलं, दोघंही वर्षभरात सोडून जातील."

बाहेर बंब धुण्याचे पाणी गटारात जात होते.

"आता तू काय करणार?" हेरिबेर्तोने मुलीला विचारले. हा प्रश्न त्याने दुपारी विचारला असता तर तो हुकूम झाला असता.

"वहीत दहा आहे, बाबा. ॲपनं वहीत आहे ते दाखवायला पाहिजे. तारीख रात्री बाराऐवजी दुपारी बारावर उभी करीन. दुपारचा तास अजून कुठल्या सरकारनं पळवलेला नाही. चार ओळींचं काम आहे."

"कर," उलिसेस म्हणाला. तो उठला, खुर्ची जागेवर ठेवली. "चूक ती चूक. तशी एक वर्दी मिळाली मला."

"ती उबेरलिंदाबाईंनी विझवली," शिडीवाल्यांपैकी एक म्हणाला.

"हुकूम माझा होता. शिडी डावीकडे गेली होती आधी."

"गेली होती," हेरिबेर्तो म्हणाला. एवढे बोलून तोही निघाला. दोघे चढावर एकाच बाजूला राहतात, पण त्या दिवशी ते वेगवेगळे गेले.

दुरुस्त केलेले ॲप यास्नाने रविवारी पूर्ण केले आणि सोमवारी ॲप-स्टोअरला तपासणीसाठी पाठवले. संगणकाचे घड्याळ चिलीचेच ठेवले. ओयार्सोंनी पडद्याच्या कडेला चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. बुधवारपासून नवे ॲप सगळ्यांच्या फोनवर मिळू लागले. ते प्रत्येकाने स्वतः एक बटण दाबून घ्यावे लागते. कुणी घेतले आणि कुणी नाही, हे यास्नाला तिच्या यादीत दिसते.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर, दुपारी बारापर्यंत तेहेतीसपैकी एकतीस फोनवर नवे ॲप आले होते. उरलेले दोन फोन तिने ओळखले. एक उलिसेसचा होता. त्याला तिने काही विचारले नाही.

दुसरा तिच्या घरातलाच होता. जेवताना तिने विषय काढला.

"बाबा, तुम्ही ॲप घेतलं नाहीत अजून."

"जागा नाही फोनमध्ये," हेरिबेर्तो म्हणाला.

तो हात धुवायला गेला तेव्हा तिने फोन उचलून पाहिला. अर्ध्याहून जास्त फोन रिकामा होता. तिने तो होता तसा ठेवून दिला.

अधिकारी नसताना पुढची वर्दी आली तर एकतीस फोन हेरिबेर्तोला प्रमुख म्हणतील आणि दोन फोन उलिसेसला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तशी वर्दी आलेली नाही.