संस्थानी गटार

वस्तूचा उपयोग संपला की तिचं मोल सुरू होतं, हा वारशाचा पहिला नियम आहे. तलवार कापेनाशी झाली की भिंतीवर चढते. घंगाळ गळायला लागलं की दिवाणखान्यात येतं आणि त्यात प्लॅस्टिकची फुलं राहायला येतात. माणसांचंही फारसं वेगळं नाही, फक्त ती फोटोत शिरेपर्यंत थांबावं लागतं.

बडोद्यात, बाबाजीपुऱ्याच्या अंगाला असलेल्या शिलेदार गल्लीत राहणाऱ्या हंबीरराव जगदाळ्यांची अडचण अशी की, त्यांच्या घरात निरुपयोगी असं काहीच नव्हतं. संस्थानच्या फौजेतल्या माणसांचे वंशज म्हटले की काहीतरी निघतंच. कुणाकडे सनद, कुणाकडे बिल्ला, कुणाकडे महाराजांच्या मिरवणुकीचा फोटो, ज्यात घोड्याच्या मागच्या पायाआड जे धूसर दिसतं ते आपले पणजोबा. चुलतभाऊ दिनकरराव तर अस्सल तलवार घेऊन छाणीच्या फ्लॅटात राहायला गेले होते. हंबीररावांच्या वाट्याला आलं घर, आणि घराखालून जाणारं संस्थानच्या वेळचं विटांचं गटार. (वाघोडियाच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाला कुठला माल पडून आहे हे चटकन दिसतं.)

गटार वर्षभर तुंबत होतं. नवी लाइन मंजूर झाली होती, जाडजूड पाइप गल्लीच्या तोंडाशी येऊन पडले होते. लेक अवंती सातव्या महिन्यात होती आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. कौशल्याबाईंनी डिंक, अळीव, खारका भरून ठेवल्या होत्या. यायचं राहिलं होतं ते फक्त गटाराला वळण.

नेमका त्याच आठवड्यात हंबीररावांनी हे गटार वारसा म्हणून जाहीर करावं असा भूमिगत वारसा जतन मंडळाकडे अर्ज केला, आणि नव्या लाइनीचं काम थांबलं.

मंडळाच्या निरुपमाबेन फतेगंजहून आल्या. त्यांनी झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते कशाने आलं याची अहवालात नोंद नाही.) वीट उत्तम, कमान दुर्मिळ, आणि तुंबारा म्हणजे शतकभराच्या नागरी जीवनाचा थरावर थर रचलेला पुरावा, ज्यात शिलेदार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सातत्याने योगदान दिलं आहे, असं त्यांनी लिहिलं. हंबीररावांनी हे वाक्य दोनदा वाचलं. आपल्या घराण्याच्या योगदानाबद्दल आजवर कुणी लेखी दिलं नव्हतं.

गटार जपूनही मोकळं करता येईल का, असं त्यांनी भीतभीत विचारलं.

"हंबीररावभाई, वाहायला लागली तर ती नुसती ड्रेनेज लाइन झाली ने," निरुपमाबेन समजुतीने म्हणाल्या. "मग त्याच्यात हेरिटेज शुं?"

मुद्दा बिनतोड होता. यंत्राने साफ करायला बंदी, कारण त्या काळी यंत्र नव्हतं. माणूस आत उतरवायला कायद्याने बंदी, आणि ती रास्तच. उरलेल्या मार्गांचा शोध घेण्यासाठी उपसमिती नेमली गेली. (तिच्या बैठका फतेगंजला भरतात. तिकडे हवा चांगली आहे.) गल्लीतल्या चौदा घरांपैकी तेरांनी हरकत घेतली. चौदाव्याचा अर्जच होता. 'मागणी स्थानिकांतून आली' असं मंडळाने नोंदवलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

अर्ज मागे घेतला तर नवे पाइप लगेच टाकले जातील, ही बातमी कौशल्याबाईंनी काढून आणली. नवऱ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि शेजारी पेन.

"अहो, तुमच्याकडे पणजोबांची तलवार नव्हती, तरी मी नांदलेच ना? माझ्या लेकीला संडास लागतो."

हंबीररावांनाही लेक प्रिय होती. पण रविवारी गटारावर लावायच्या पाटीचं अनावरण होतं आणि दिनकररावांना पहिल्या रांगेतली खुर्ची दिलेली होती. रविवार होऊ दे, सोमवारी सही करतो, असं त्यांनी वचन दिलं.

रविवार थाटात झाला. 'जगदाळे गटार' अशी पितळी पाटी लागली. दिनकरराव सबंध कार्यक्रमभर नाकाला रुमाल लावून बसले होते. हंबीररावांनी त्याचा अर्थ हेवा असा लावला.

सोमवारी ते खरोखरच सही करायला गेले. मंडळात त्यांना सांगण्यात आलं की, पाटी लागल्यावर वारसा अर्जदाराचा राहत नाही, तो मानवजातीचा होतो. आता सही मानवजातीची लागेल. परत येऊन पाहतात तो पाइपही गेलेले. शेजारच्या गल्लीला इतिहास नव्हता, त्यामुळे तिथे पाइपांना फार मागणी होती.

संध्याकाळी अवंतीचा फोन आला. "बाबा, पाटीचा फोटो नका पाठवू. पाणी जातं का तेवढं सांगा."

हंबीररावांनी विटांविषयी सांगायला सुरुवात केली. तिने फोन आईकडे द्यायला सांगितलं.

दुसरा फोन दिनकररावांचा. "हंबीर, पोरगी काय तुझ्या एकट्याची आहे? इकडे दोन बाथरूम आहेत. तलवार टोचत असेल तर माळ्यावर टाकतो."

अशा रीतीने जगदाळ्यांच्या लेकीचं बाळंतपण छाणीला झालं. मुलगी झाली. डिंकाच्या डब्यासह कौशल्याबाईही तिकडेच गेल्या आणि सव्वा महिना उलटला तरी परतायचं नाव काढत नाहीत. हंबीरराव रोज सकाळी स्कूटरवरून नातीला बघायला जातात. गेल्या गेल्या आधी आत जातात, बराच वेळ असतात, मग शांत चेहऱ्याने तिला मांडीवर घेतात. दिनकरराव आत वर्तमानपत्र तेवढं ठेवतात.

शिलेदार गल्लीत आता दर रविवारी लांबून माणसं येतात, झाकणाचे फोटो काढतात, आणि हे जपलंच पाहिजे असं एकमेकांना सांगत गाडीत बसतात. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. वाटायलाच हवं. तुमचं घर दुसऱ्या लाइनीवर आहे.